30 वॉटच्या लाइटखाली रोटाला का वितळतो?

परभणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. मासे आणि पाण्याखालची झाडं असलेली दोन फुटी टाकी आहे, 60 बाय 30 सेंमी आणि उंची 38. वर 30 वॉटचा पांढरा एलईडी, सकाळी दहा ते रात्री दहा चालू. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरमागे 1100 मिलिग्रॅम. दुपारी पाणी 33-34 अंशांवर जातं. लाल रोटाला (पाण्याखाली वाढवायचं शोभेचं झाड) खालून काळा पडून गळतोय. व्हॅलिस्नेरिया, म्हणजे लांब पट्टीसारख्या पानांचं झाड, जोमात आहे, पण तिच्या पानांवर पांढरा थर बसतोय आणि त्यावर हिरवे धागे लोंबतायत. फिल्टरच्या तोंडाशी काळं, केसाळ शेवाळ. दुकानदार म्हणतो, लाइट कमी पडतोय, 60 वॉटचा घ्या. तर घ्यावा का, सीओटूचं (कार्बन डायऑक्साइडचं) सिलेंडर लावावं का, आणि लाल झाडं आपल्याकडे होतात का?

60 वॉटचा घेऊ नका. उलट आहे तोच निम्मा करा. कारण सांगतो, जरा लांबलं तरी वाचा, कारण संभाजीनगरपासून लातूरपर्यंत मी ज्या टाक्या पाहतो त्यातल्या बहुतेकांची अडचण हीच असते.

वॉटवरून लाइट जोखायची सवय ट्यूबलाइटच्या काळातली आहे. एलईडीला लुमेन, म्हणजे तो एकूण किती प्रकाश देतो ते, बघायचे. साधा चांगला एलईडी वॉटमागे 90 ते 100 लुमेन देतो, म्हणजे तुमचा 30 वॉटचा साधारण 2700 ते 3000 लुमेन. टाकी हिशेबाने 68 लिटरची, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की खरं पाणी 55 लिटरच्या आसपास. म्हणजे लिटरमागे 50 लुमेन. सीओटू न देता चालवायच्या टाकीला 15 ते 25 पुष्कळ झाले, 40 च्या पुढे गेलात की सिलेंडरशिवाय निभावत नाही. तुमचा लाइट आजच सिलेंडरवाल्या टाकीचा आहे, आणि तोही बारा तास. 60 वॉटचा लावला असता तर पंधरवड्यात टाकीची हिरवी चटणी झाली असती.

मोजायचंच असेल तर मोबाईलमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप चालेल. लाइट काढून टेबलावर धरा, वाळूपासून जेवढा उंच असतो तेवढाच उंच, आणि खाली मोबाईल ठेवून आकडा बघा. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला 70 ने भागलं की झाडांच्या कामाचा प्रकाश, म्हणजे ज्याला पार म्हणतात तो, ढोबळ कळतो. 2000 ते 2500 लक्स म्हणजे पार 30-35, सीओटू नसलेल्या टाकीला एवढा बस. मोबाईलगणिक आकडा बदलतो, त्यामुळे त्यावर शपथ घेऊ नका, पण आधीचा आणि नंतरचा फरक समजायला तो पुरेसा आहे.

आता उष्णतेकडे या, कारण खरं दुखणं तिथे आहे. पान लाइट असेपर्यंतच कमावतं, खर्च मात्र चोवीस तास करतं. पाणी दहा अंशांनी तापलं की हा खर्च, म्हणजे श्वसन, साधारण दुप्पट होतो. डिसेंबरात 24 अंशांवर सुखाने राहणारा रोटाला मे महिन्यात 34 वर तेवढ्याच कमाईत तगत नाही. यावर कुणीही म्हणेल, मग लाइट वाढवून कमाई वाढवू. पण कमाईला लाइट एकटा पुरत नाही, कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि गरम पाण्यात तो कमी विरघळतो. हवेशी समतोल झालेल्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे जेमतेम 0.6 मिलिग्रॅम असतो, 35 ला 0.5 च्याही खाली. सिलेंडरवाले लोक 30 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात, यावरून तुमची झाडं कशावर दिवस काढतायत ते बघा. लाइट लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत ती हा साठा संपवतात. पुढचे नऊ तास लाइट जळतो तो शेवाळासाठी.

व्हॅलिस्नेरिया मग जोमात का? कारण तिला दुसरी वाट माहीत आहे. आपल्या बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, आणि व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम ही मंडळी त्यातून कार्बन ओढून घेतात. ते करताना पानालगतच्या पाण्याचा पीएच चढतो आणि चुना पानावरच बसतो. तुमचा पांढरा थर तो हाच. खात्री करायची तर एक जुनं पान तोडून बशीत घ्या आणि लिंबाचा थेंब टाका. बारीक बुडबुडे फसफसले की चुना, बुरशी नाही. रोटालाला, मॉसला ही युक्ती साधत नाही. विरघळलेला सीओटू मिळाला तर जगायचं, नाही तर नाही. तुमच्या टाकीत एक झाड मजेत आणि दुसरं मरणपंथाला, दोघांवर लाइट एकच. तेव्हा लाइट कमी पडतोय हे निदान इथेच निकालात निघतं.

रोटालाबद्दल अजून एक. दुकानात येणारी बरीचशी झाडं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पानं पाण्याखाली टिकत नाहीत, दोन-तीन आठवड्यांत जातात आणि पाण्याखालची नवी फुटतात. त्यामुळे खालचं गळतंय म्हणून घाबरू नका, शेंडा बघा. शेंडा हिरवा-लालसर आणि ताठ असेल तर वरचा आठ-दहा सेंमीचा तुकडा कापून पुन्हा रोवा आणि खालचा काळा दांडा फेकून द्या. तो टाकीत कुजत ठेवला तर त्या काळ्या केसाळ शेवाळाला तुम्हीच जेवण वाढताय.

तर करायचं काय. लाइटला डिमर असेल तर 50 टक्क्यांवर आणा. नसेल तर कृषी दुकानातून 50 टक्क्यांच्या शेडनेटचा हातभर तुकडा आणा आणि टाकीच्या काचेच्या झाकणावर पसरा. लाइटच्या पट्टीला गुंडाळू नका, ती तापते. रोपवाटिकेवाले जे करतात तेच हे, स्वस्त आणि मोजून निम्मं. झाकणाच्या काचेवर क्षाराचे पांढरे डाग असतील तर आधी लिंबू किंवा व्हिनेगर लावून पुसून घ्या. जड पाण्याच्या शिंतोड्यांनी काच इतकी आंधळी होते की लाइट नक्की किती आत जातोय हेच कळत नाही.

सुरुवातीला तास सातच्या वर नकोत. आणि ते सलग देऊ नका: सकाळी 8 ते 11, मग संध्याकाळी 5 ते 9. दुपारच्या सुट्टीत मासे आणि तळातले जिवाणू मिळून थोडा सीओटू परत जमा करतात, तो संध्याकाळच्या पाळीला कामी येतो. या सुट्टीने शेवाळ मरतं असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही. सिलेंडर असलेल्या टाकीत तर सुट्टीचा काही उपयोग नाही. पण आपल्याकडे ऐन उन्हाच्या वेळी लाइटचा ताप टाकीवरून उठतो, आणि तुम्ही घरी असता तेव्हा टाकी उजळलेली असते, एवढ्यासाठी तरी ती घ्यावी. खिडकीतून उन्हाची तिरीप टाकीवर पडत असेल तर पडदा लावा. भर दुपारचं ऊन लाख लक्सच्या घरात असतं, त्यापुढे तुमचा एलईडी काहीच नाही.

टायमर घ्या, पण कोणता ते बघून. बाजारात स्वस्त मिळतो तो गोल तबकडीचा, खुंट्या खाली-वर करायचा. वीज गेली की त्याचं घड्याळ थांबतं आणि आली की तिथूनच पुढे चालू होतं. रोज तासभर वीज जात असेल तर आठवड्याने तो सात तास मागे पडलेला असतो. मग संध्याकाळी 9 ला बंद व्हायचा लाइट पहाटे 4 ला बंद होतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो. लोक मला सांगतात, सात तासच देतो हो, तरी शेवाळ. मी पहिल्यांदा टायमरची तबकडी बघतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण वेळ विसरत नाही.

पाणी थंड करायला चिलर लागत नाही. कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा झाकण थोडं सरकवून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश उतरतं. एप्रिल-मे मधली आपली हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे हा उपाय आपल्याकडे कोकणापेक्षा कितीतरी चांगला चालतो. त्याच खोलीत डेझर्ट कूलर लावत असाल तर हवेत दमटपणा येतो आणि पंख्याचा परिणाम घटतो. तरी खोलीच थंड होत असल्याने एकूण फायदाच. जूनचे पहिले ढग आले की पंखा ढिला पडतो, तेवढे दिवस कळ काढायची.

पण पंख्याचं एक बिल येतं, आणि ते बहुतेकांना दिसत नाही. तुमच्या टाकीत पाणी 1 सेंमी उतरलं म्हणजे 1.8 लिटर उडालं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. टीडीएस 1100 म्हणजे 55 लिटरमध्ये आज सुमारे 60 ग्रॅम क्षार आहेत. रोज 1.8 लिटर बोअरचंच पाणी वरून घातलंत तर रोज 2 ग्रॅम क्षार वाढतात. महिन्याने 120 ग्रॅम, म्हणजे टीडीएस दुप्पट. थोडा चुना काचेवर आणि पानांवर बसेल तेवढाच काय तो कमी. म्हणून उडालेल्या पाण्याची भर नेहमी आरओच्या पाण्याने घाला. आपल्याकडे गल्लोगल्ली 20 लिटरचा जार मिळतो, तो चालतो, मात्र टीडीएसची पेन बुडवून आधी बघा, कारण प्लांटगणिक पाणी वेगळं असतं. आणि जार थंडगार असेल तर एकदम ओतू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पावसाळ्यात पहिले दोन-चार पाऊस सोडून गच्चीवरचं पाणी धरलंत तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, त्यात निम्मं बोअरचं, निम्मं आरओचं. हळूहळू टीडीएस 500-600 वर आणा, एका दिवसात नाही. सगळंच आरओचं करू नका, झाडांना कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतंच. घरात मिठाचा सॉफ्टनर असेल तर त्याचं पाणी टाकीत नकोच. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, झाडांच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा. टँकरच्या किंवा नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब टाकून मगच वापरा. आणि पाण्याची बोंब असेल त्या महिन्यात बदल पंधरा दिवसांनी केलात तरी चालेल, फक्त माशांचं खाणं निम्मं करा. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, टाकीतल्या खताचं पाणी तुळस-मोगऱ्याला मानवतं. टीडीएस 600 च्या खाली आल्यावर मात्र, त्याआधी नको.

खताचं सांगतो, कारण इथे मराठवाड्यातल्या माणसाला शहरातल्या छंदिष्टांपेक्षा सोपं आहे. ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. 13-0-45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, 0-52-34 म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. महागड्या बाटल्यांमध्येही मुख्यतः हेच विरघळवलेलं असतं. तुमच्या 55 लिटरला आठवड्यातून एकदा 13-0-45 अर्धा ग्रॅम टाकलं तर नायट्रेट साधारण 5.5 मिलिग्रॅमने वाढतं. 0-52-34 एक दशांश ग्रॅम टाकलं तर फॉस्फेट 1.3 मिलिग्रॅमने. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्याने मोजू नका. पण आधी बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट तपासा. शेतीच्या भागात ते मुळातच जास्त असू शकतं, पिण्याच्या पाण्याची मर्यादाच 45 मिलिग्रॅम आहे. 20 च्या वर निघालं तर 13-0-45 ला हात लावू नका, फक्त 0-52-34 द्या.

19-19-19 मात्र टाकीजवळ आणू नका. त्यात युरिया आणि अमोनियम असतं. आपलं पाणी अल्कधर्मी आणि वर गरम, त्यात अमोनियमचा मोठा भाग अमोनिया होतो आणि मासे सकाळी उलटे तरंगताना दिसतात.

लोहाची गंमत वेगळी. चुनखडीच्या रानात मोसंबीची नवी पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, ते जालन्याकडच्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. टाकीतही नवीन शेंडा असा दिसला तर लोह कमी. जुनी पानं पिवळी पडत असतील तर बहुधा नायट्रोजन, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडत असतील तर पोटॅशियम. चढ्या पीएचला ईडीटीए प्रकारचं लोह (ही नावं लोह विरघळलेलं ठेवणाऱ्या जोडद्रव्यांची) टिकत नाही, डीटीपीए बरं. ईडीडीएचए सगळ्यात टिकाऊ, पण पाणी लालसर करतं. बैठकीतली टाकी असेल तर घरचे विचारतील हे काय सांडलं. चिमूटभरापेक्षा कमी लागतं, एवढंच लक्षात ठेवा.

शेवाळ हाताने काढा. हिरवे धागे जुन्या टूथब्रशवर शेवयांसारखे गुंडाळून निघतात. व्हॅलिस्नेरियाची चुना बसलेली पानं बुडापासून काढा, मध्येच कापलीत तर कडा तपकिरी होतात. फिल्टरचं तोंड काढून बाहेर बादलीत घ्या. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड आपल्याकडे सहसा 6 टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी मिसळून पाच मिनिटं बुडवा आणि धुवून परत लावा. काळं शेवाळ दोन-तीन दिवसांत गुलाबी-पांढरं पडलं की मेलं समजा. लिक्विड कार्बन म्हणून विकतात ते ग्लुटरॅल्डिहाइड तुम्ही टाकू नका. व्हॅलिस्नेरिया त्याने वितळते, म्हणजे तुमचं एकमेव चांगलं झाड जायचं.

थोडी पिस्टिया किंवा साल्विनिया वर तरंगती ठेवलीत तर फार मदत होते. तिची पानं हवेतला सीओटू घेतात, त्यामुळे पाण्यातल्या टंचाईचा तिला फरक पडत नाही. ती खालचं जास्तीचं नायट्रेट-फॉस्फेट ओढते आणि सावलीही देते. पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा झाकला की बाकीची काढून टाका, पण विहिरीत, ओढ्यात किंवा गोदावरीत नाही. जलपर्णीने काय केलंय ते नांदेडकरांना विचारा. उन्हात वाळवून खड्ड्यात पुरा.

सिलेंडर आता नको. उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायूच कमी असतो, 25 अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो तर 35 ला सातच. रात्री झाडंही तोच वापरतात. त्यात सीओटू सोडलात आणि मध्येच वीज जाऊन फिल्टर थांबला, तर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना सापडतील. यीस्ट-साखरेची बाटली तर आणखी वाईट, ती रात्रीही थांबत नाही आणि मे मध्ये यीस्ट उधळतं. दिवाळीनंतर घ्यायचं असेल तर वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असलेलंच घ्या, लाइट लागण्याच्या तासभर आधी सुरू आणि बंद होण्याच्या तासभर आधी बंद. ड्रॉप चेकरमध्ये (रंगावरून सीओटू दाखवणारी काचेची कुपी) बोअरचं पाणी भरू नका, 4 डीकेएचचं (ठराविक कार्बोनेट जडपणाचं) तयार द्रावणच हवं. नाही तर तो निळाच राहतो आणि तुम्ही सीओटू वाढवत जाता, मासे मरेपर्यंत. सध्या त्या पैशात पॉवर बँकवर चालणारा यूएसबी एअर पंप घ्या. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फिल्टर जोडा, लाइट जोडू नका.

हे सगळं एकाच दिवशी करू नका. आज लाइट आणि टायमर, या आठवड्यात पंखा आणि आरओची भर, खत दोन आठवड्यांनी. मध्ये काहीही बदललं तरी निदान दोन आठवडे थांबा. जुनी पानं सुधारत नसतात, निकाल फक्त नवीन पानावर दिसतो. आधी धागे वाढायचे थांबतील, मग कमी होतील. महिनाभराने शेंडे स्वच्छ दिसले तर आठवड्याला अर्ध्या तासाने लाइट वाढवून आठ तासांपर्यंत न्या. कुठल्याही टप्प्यावर काचेवर पुन्हा हिरवट धूर धरला तर मागच्या आठवड्याच्या तासांवर परत या, तुमच्या टाकीची मर्यादा ती.

लाल झाडांचं. रोटाला मॅक्रँड्रासारखी केरळच्या मऊ, थंडगार पाण्यातली झाडं विसरा, निदान सिलेंडर आणि आरओशिवाय. त्यांना लाल ठेवायला जो लाइट लागतो तोच तुम्ही आत्ता कमी करताय. गरम आणि जड पाण्यात लाली हवी असेल तर लाल टायगर लोटसचा (कमळासारखं झाड) एक कंद लावा. तो मुळांवर जगतो, कंदाशेजारी मुळाखतीची गोळी खोचा, आणि पृष्ठभागावर जाणारी पानं खुडत राहा म्हणजे खालचीच वाढतात. क्रिप्टोकोरिन वेंडटी तपकिरी-लालसर मिळते. लावल्यावर तीही एकदा पूर्ण वितळून दाखवते, उपटू नका, मुळापासून पुन्हा येते. ज्या कोपऱ्यात रोटाला गेलाय तिथे आंबुलिया किंवा वॉटर विस्टेरिया लावा. ब्राह्मीही (बॅकोपा, मंडूकपर्णी नव्हे) लावता येईल, घरच्या कुंडीतलीच काडी, स्वच्छ धुवून. वाचलेल्या रोटालाच्या शेंड्यांना लाइटच्या मधोमध, पंख्याच्या बाजूला जागा द्या. पाणी 30 च्या खाली टिकलं तर ते हिरवट-गुलाबी राहतील. गडद लाल रंग मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच मागा, परभणीच्या थंडीत तो थोडाफार मिळतो.